अक्षरांवरून इंग्रजी शब्द शोधताना: माझा अनुभव

इंग्रजी शब्दकोशात शब्द शोधायचा तर त्याचे पहिले अक्षर माहीत असावे लागते, आणि शब्दखेळात बहुतेक वेळा नेमके तेच माहीत नसते. अक्षरांच्या टाइल्स पटावर मांडून शब्द बनवण्याच्या स्क्रॅबल या खेळात सात टाइल्स हातात असतात, पण त्यांचा क्रम लागायचा असतो. अंदाज करून पाच अक्षरी शब्द ओळखण्याच्या वर्डल या खेळात तिसरे अक्षर पक्के झालेले असते, पण पहिल्याचा पत्ता नसतो. शब्दकोशाची पाने उलटून हे साधेना, तेव्हा मी शब्दांची यादी संगणकावर घेतली आणि अटी घालून तिच्यातून शब्द काढण्याची पद्धत शिकायला सुरुवात केली.

सर्वांत आधी यादी कोणती घ्यायची हे ठरवावे लागले. स्क्रॅबलच्या स्पर्धांत अमेरिका आणि कॅनडा येथे एक यादी चालते, तर इतर बहुतेक देशांत इंग्रजी खेळासाठी कॉलिन्स या शब्दकोश-प्रकाशकाची यादी वापरली जाते, आणि दोन्हींत बराच फरक आहे. उदाहरणार्थ, सी आणि एच ही दोनच अक्षरे मिळून होणारा शब्द कॉलिन्समध्ये ग्राह्य आहे, अमेरिकी यादीत नाही. यादी निश्चित न करता शोधलेला शब्द प्रतिस्पर्ध्याच्या एका आक्षेपाने बाद होऊ शकतो.

त्यानंतरचा टप्पा अटी लिहिण्याचा होता. अनेक शोधसाधनांत प्रश्नचिन्ह म्हणजे कोणतेही एक अक्षर आणि तारांकन म्हणजे कितीही अक्षरे, एवढे कळले की शब्दकोड्याचे काम भागते. अधिक नेमका शोध हवा असेल तर रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे अक्षरांच्या नमुन्याची अट लिहिण्याची सांकेतिक पद्धत, शिकावे लागते. ते दिसते तितके अवघड नाही, मात्र अट शब्दशः पाळली जाते याचे भान ठेवावे लागते. क्यू असलेले पण त्यापुढे यू नसलेले शब्द हे याचे चांगले उदाहरण आहे. ‘क्यूनंतर यू सोडून दुसरे कोणतेही अक्षर’ अशी अट लिहिली, तर फकीर, निकाब, बुरखा हे इंग्रजीत रुळलेले शब्द मिळतात, परंतु तलाक आणि सूक (अरबी बाजार) हे मिळत नाहीत, कारण त्यांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये क्यू शेवटी येतो आणि त्यापुढे कोणतेच अक्षर नसते. ‘क्यूपुढे यू नसावा’ अशी नकारात्मक अट लिहिली, की दोन्ही गट एकत्र हाती येतात. क्यू आणि झेड या टाइल्सना प्रत्येकी १० गुण असल्यामुळे हा तपशील क्षुल्लक म्हणता येणार नाही.

वर्डलच्या अटी वेगळ्या प्रकारच्या असतात, कारण तेथे अंदाजातील प्रत्येक अक्षराला रंग मिळतो. पिवळा रंग ‘हे अक्षर शब्दात आहे’ एवढेच सांगत नाही, तर ‘ते या जागी नाही’ हेही सांगतो, आणि ही दुसरी अट न घातल्यास यादी विनाकारण लांबते. राखाडी रंग सहसा ‘हे अक्षर शब्दात नाही’ असे सांगतो, पण त्याबाबत तर अधिकच सावध राहावे लागते. आपल्या अंदाजात ई दोनदा असेल आणि उत्तरात एकदाच असेल, तर एक ई राखाडी होतो. तेवढ्यावरून ई असलेले सर्व शब्द वगळले, तर खरे उत्तरही त्यांच्याबरोबर वगळले जाते.

मला सर्वाधिक उपयोग झाला तो मात्र एका जुन्या आणि अतिशय साध्या युक्तीचा. यादीतील प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लावून तो क्रम शेजारच्या रकान्यात लिहायचा. खेळाडू त्याला अल्फाग्राम म्हणतात. ए, ई, आय, एन, आर, एस, टी या क्रमासमोर रिटेन्स, नॅस्टियर, स्टेनर, रेटिनाज असे अनेक शब्द एकत्र येतात. हातातील सात टाइल्स वर्णक्रमाने लावल्या की तोच क्रम यादीत पाहायचा, बाकी काही करावे लागत नाही. सातही टाइल्स एकाच खेळीत वापरल्यास ५० गुण अधिक मिळतात, म्हणून अशा गटांचा अभ्यास फळाला येतो. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी फ्रेंच बोलता येत नसताना २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक विजेतेपद मिळवले, हे मला पूर्वी अविश्वसनीय वाटत असे. अल्फाग्राम हाताळल्यानंतर ते निदान कल्पनेच्या आवाक्यात आले.

या युक्तीला मर्यादाही आहेत. सातांपैकी कितीही टाइल्स वापरायच्या असतील, तर वेगवेगळ्या सात अक्षरांमधून १२७ निवडी होतात आणि प्रत्येकीचा क्रम स्वतंत्रपणे पाहावा लागतो. कोणत्याही अक्षरासाठी चालणारी कोरी टाइल आली तर २६ अक्षरे तपासावी लागतात, आणि दोन्ही कोऱ्या टाइल्स एकदम आल्या तर जोड्यांची संख्या ३५१ होते. हे काम संगणकानेच करावे, आणि तेही डाव संपल्यानंतर. खेळ चालू असताना यादी उघडण्यात मला काहीच मौज वाटत नाही, आणि स्पर्धेत तर ते नियमबाह्यच आहे.

कॉलिन्सच्या २०१९ च्या आवृत्तीत दोन अक्षरी शब्दही १२७ च आहेत. हा निव्वळ योगायोग आहे, पण तो मला आवडतो. हे शब्द मी दोन प्रकारे लावून ठेवले आहेत, एकदा पहिल्या अक्षराने आणि एकदा दुसऱ्या अक्षराने, कारण पटावरील शब्दाला लगटून समांतर शब्द मांडताना शेजारी आलेल्या अक्षरांचेही दोन अक्षरी शब्द व्हावे लागतात आणि दोन्ही बाजूंनी विचार करावा लागतो. अशी मांडणी केल्यावर एक गोष्ट ताबडतोब नजरेत भरली: व्ही हे अक्षर असलेला दोन अक्षरी शब्द कॉलिन्स आणि अमेरिकी यांपैकी एकाही यादीत नाही. त्यामुळे पटावरील शब्दात जेथे व्ही येतो, तेथे त्याला लगटून समांतर शब्द सहजासहजी मांडता येत नाही, आणि आघाडीवर असताना पट बंद करायचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला शब्द मांडायला कमी जागा ठेवायची असेल तर व्ही ही टाइल राखून ठेवणे हिताचे ठरते.