घरी कोणालाच ठाऊक नव्हते

जळगावातील प्लास्टिक सर्जरीच्या एका रुग्णालयात मी ड्रेसिंग आणि शस्त्रक्रियेनंतरची देखभाल पाहते. सौंदर्यशस्त्रक्रिया म्हटले की लोकांना श्रीमंत घरच्या स्त्रिया आठवतात; आमच्याकडे मात्र शेतकऱ्यांची विशीतली मुले छातीची स्त्रीसारखी झालेली वाढ काढून घ्यायला येतात. पोलीस भरतीत छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर भरावी लागते, फुगवल्यावर ५ सेंटिमीटर वाढावी लागते, आणि त्या मापासाठी चारचौघांत शर्ट काढावा लागतो. हीच धास्ती घेऊन आलेला चोपडा तालुक्यातील एक मुलगा अजून माझ्या मनातून जात नाही.

शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. चरबी लायपोसक्शनने निघाली, स्तनग्रंथीची गाठ स्तनाग्राभोवतीच्या वर्तुळाच्या खालच्या कडेने छेद घेऊन काढली आणि दोन्ही बाजूंना ड्रेन, म्हणजे आतला स्राव बाहेरच्या डब्यात आणणाऱ्या नळ्या, ठेवले. ड्रेनमधला स्राव आधी तांबडा, मग गुलाबी, मग पिवळसर होत जातो आणि २४ तासांत साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आला की नळी निघते. नव्या सिस्टर मुली फक्त आकडा लिहितात, याचा मला फार राग येतो. स्राव थोडा असला तरी ताजा लाल असेल, किंवा भरपूर येत असताना एकाएकी थांबला असेल, तर दोन्ही वेळा छातीला हात लावून पाहिलेच पाहिजे, कारण नळीत गुठळी अडकली की डबा रिकामा दिसतो आणि रक्त आत साठत राहते.

या मुलाच्या दोन्ही नळ्या वेळेवर निघाल्या. छाती दाबून ठेवणारे घट्ट जाकीट चार ते सहा आठवडे रात्रंदिवस घालायचे, उताणे झोपायचे, पायांत गुठळी होऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून चालायचे, दोन आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत आणि महिनाभर तरी वजन उचलायचे नाही, हे सारे मी त्याला समजावले. जळगावच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, ते जाकीट अंगावर ठेवणे ही शिक्षाच असते. म्हणून दोन जाकिटे आळीपाळीने धुऊन वापरायला आणि आत पातळ सुती बनियन घालायला मी आवर्जून सांगते. छापील सूचनापत्रात यातले काही नाही, आणि ते पत्र इंग्रजीत आहे.

घरचा फोन नंबर मागितला तेव्हा त्याने मित्राचा दिला. जळगावच्या अभ्यासिकेत बसतो, एवढेच त्याच्या घरी माहीत होते.

आठवड्याभराने तो गावी गेला आणि नेमकी त्याच दिवशी केळीची कापणी होती. व्यापाऱ्याचा ट्रक बांधावर उभा, मजूर कमी आलेले, आणि वडिलांनी हाक मारल्यावर नाही म्हणायला त्याच्याकडे कारणच नव्हते. वीस-पंचवीस किलोचा एकेक घड खांद्यावर घेऊन तो दुपारभर वाहत राहिला. रात्री मित्राने त्याला मोटारसायकलवरून आणले तेव्हा डावी बाजू उजवीपेक्षा स्पष्ट फुगलेली, ताठ आणि निळसर होती. दोन्ही बाजूंना शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णात सूज किती आहे यापेक्षा ती एकाच बाजूला वाढते आहे का, हे मी आधी पाहते. मी डॉक्टरांना तातडीने बोलावले. त्याच रात्री टाके उघडून गुठळ्या काढल्या, रक्त येणारी वाहिनी बंद केली आणि पुन्हा ड्रेन ठेवला.

भूल देण्यापूर्वी त्याने स्वतःच वडिलांना फोन केला. ते पहाटे पोहोचले आणि बराच वेळ खाटेपाशी उभे राहिले. ‘‘माले काबर नही सांगं?’’ एवढेच ते मुलाला म्हणाले. शस्त्रक्रियेबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. घड आपणच उचलायला लावले, हे मात्र ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते.

‘आज ऑपरेशन, उद्या कामावर’ अशा जाहिराती मुले मोबाइलवर पाहतात. खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला काही दिवसांत ते जमेलही, पण शेतात राबणाऱ्या घरातल्या मुलाला तसे सांगणे ही फसवणूक आहे. दुखणे लपवता येते, पण विश्रांती लपवून घेता येत नाही. पित्ताशयाचे ऑपरेशन झालेल्या मुलाला घरचे पाण्याची बादलीसुद्धा उचलू देत नाहीत. याला मात्र लाजेपायी तेवढीही सवलत मिळाली नाही.

घरातल्या एका तरी माणसाला कल्पना असल्याशिवाय रुग्णाला सोडू नये, असे माझे म्हणणे आहे. सज्ञान माणसाचे गुपित त्याचे त्यानेच ठरवायचे, तशी अट घातली तर ही मुले आपल्याकडे न येता कुठल्यातरी ब्यूटी पार्लरच्या मागच्या खोलीत जातील, असे डॉक्टर म्हणतात. त्यांचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही आणि माझे सोडवतही नाही. तूर्त मी ड्रेन काढताना प्रत्येकाला विचारते की घरी गेल्यावर पहिले जड काम कोणते पुढे येईल आणि ते कोण करील. ज्याला याचे उत्तर देता येत नाही, त्याला आणखी आठवडाभर जळगावातच राहायला सांगते.