धावता धावता नकाशा

स्वीडनमध्ये ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून, म्हणजे डोळे तपासून चष्मा-लेन्स देण्याचं, काम करताना चाळिशी लागल्याच्या तक्रारी रोजच्याच. कोणाला मेन्यूकार्ड लांब धरावं लागतं, कोणाला फोन. त्या दिवशी आलेल्या बाईंनी मात्र जंगलाचा नकाशा टेबलावर पसरला. "बसून वाचता येतो, धावताना या तपकिरी रेषा एकमेकींत मिसळतात."

वय ४१. ओरिएंटियरिंगच्या एलिट गटातल्या धावपटू. नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानातून ठरलेली ठिकाणं शोधत पळायचं, असा हा खेळ. या नकाशाचं प्रमाण १:१५,००० आणि समोच्च रेषेची (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या त्या तपकिरी रेषेची) जाडी ०.१४ मिलिमीटर! वयाच्या पंचेचाळिशीनंतरच्या गटांना तोच नकाशा १:१०,००० असा मोठा करून द्यावा, अशी शिफारस आहे. पण '२१' या मुख्य, एलिट गटाला वरची वयोमर्यादाच नाही, आणि बाईंना तिथेच धावायचं होतं.

हट्ट वाटला खरा. पण या खेळातला फ्रेंच धावपटू थिएरी ग्योर्ग्यूनं २०१७ मध्ये एस्टोनियात मध्यम अंतराचं जागतिक सुवर्ण जिंकलं ते ३८ व्या वर्षी. स्वित्झर्लंडच्या सिमोन निग्लीनं २०१३ च्या जागतिक स्पर्धेत तिन्ही वैयक्तिक सुवर्णं घेतली, तेव्हा ती ३५ वर्षांची आणि तीन मुलांची आई होती. पाय थोडे मंदावले तरी नकाशावाचनाचा अनुभव ते भरून काढतो. अर्थात नकाशा दिसला तर!

खुर्चीत बसवून तपासण्यात अर्थ नव्हता. घनदाट रानात उजेड कमी, डोळ्याची बाहुली मोठी होते आणि जवळचं आणखी पुसट दिसतं. म्हणून खोलीतले दिवे मंद केले, नकाशा हातात दिला आणि जागेवर धावायला सांगितलं. रिसेप्शनवरचा मुलगा दारातून डोकावून गेला.

प्रोग्रेसिव्ह चष्मा (वरून लांबचं, खालून जवळचं दाखवणारा) बाद: खालच्या भागातून पायाखालचे दगड धूसर दिसतात, शिवाय घामानं काचा धुरकटतात. लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या मल्टिफोकल कॉन्टॅक्ट लेन्सनं अंधुक उजेडात रेषा फिक्या झाल्या. त्यांना उणे दोनचा नंबर होता, त्याचाच उपयोग केला. प्रमुख डोळ्याला (ज्यावर मेंदू जास्त विसंबतो) लांबचं बघायला पूर्ण नंबरची लेन्स, दुसऱ्याला पाऊण नंबर कमी, म्हणजे तो नकाशा वाचेल. दोन डोळ्यांतला फरक याहून वाढवला असता, तर अंतराचा आणि खोलपणाचा अंदाज चुकून चरावरून उडी मारताना पाय मुरगळला असता. जोडीला अंगठ्यावरच्या होकायंत्राला बसवायचं छोटं भिंग.

पुढच्या भेटीत निकाल विचारला, तर त्यांनी वेगळंच काढलं. रात्रीच्या शर्यतीत हेडलॅम्पचा उजेड नकाशाच्या प्लास्टिकवर चमकतो, त्याचं काय? म्हटलं, दिवा घेऊन या, अंधार करून बघू.