पान तेच, खिडकी नवी

पीडीएफचं वचन एकच: फाइल कुठंही उघडा, पान तसंच दिसेल. अडोबीने 1993 मध्ये ती आणली ती याच बोलीवर. 2008 मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानकही झाली. पानाची हमी पक्की झाली, पण पानाभोवतीच्या खिडकीबद्दल, म्हणजे ते उघडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, व्ह्यूअरबद्दल, कुणी काही कबूल केलेलं नव्हतं.

परभणीत जमिनीच्या दाव्यांची वकिली करायची म्हणजे दिवसभर पीडीएफच चाळायच्या. सातबारा, फेरफार, खरेदीखतं आणि निजामाच्या काळातल्या उर्दू कागदांची स्कॅन. जुना व्ह्यूअर फार रेंगाळायला लागला म्हणून पुतण्याने दिवाळीत नवा टाकून दिला. "काका, बघा, झटक्यात उघडतो!" उघडतो खरा, पण दर वेळी पहिल्या पानावर.

जुना सगळं लक्षात ठेवायचा. काल कुठल्या पानावर थांबलो, किती मोठं केलं होतं, आडवं स्कॅन कुठल्या बाजूला फिरवलं होतं, सगळं. नव्याला रोज नव्याने सांगायचं. पान धरून वर ओढायला जावं तर ते जागचं हलत नाही, नुसती अक्षरं निळी होतात. त्यात उर्दू वही उजवीकडून उघडणारी. दोन पानं शेजारी मांडली की नवा व्ह्यूअर ती डावीकडून लावतो, म्हणजे नोंदीचा शेवट आधी आणि सुरुवात नंतर. कागद वाचून देणारे चाचा चष्मा वर करून म्हणाले, "साब, ये तो उल्टा चल रा." उजवीकडून मांडायची सोय असलेले व्ह्यूअर आहेत. याच्यात ती अजून तरी मला दिसलेली नाही.

शोधाची तऱ्हा निराळीच. वाटणीच्या दाव्याच्या जाडजूड फाइलीत मी 'विहीर' शोधली. जुन्याला सापडायची, नव्याला एकही नाही. विहीर समोर दिसतेय आणि हा म्हणतो, नाही! यात सगळा दोष त्याचाही नाही. पीडीएफमध्ये मुळात अक्षरांचे आकार आणि त्यांच्या जागा असतात. कुठला आकार म्हणजे कुठलं अक्षर, ही नोंद फाइलीत नीट नसेल तर व्ह्यूअरला अंदाज बांधावा लागतो. त्यात आपली ऱ्हस्व वेलांटी टाइप होते 'व'च्या नंतर आणि बसते त्याच्या आधी. जुन्याचा अंदाज बरोबर यायचा, याचा चुकतो. मग विहीर डोळ्यांनी शोधायची.

खरी पंचाईत डिजिटल सहीची. जुन्यात एकदा त्या सहीवर विश्वास ठेवायला सांगितलं की सातबाऱ्यावर हिरवी खूण यायची. नवा सही तपासतच नाही. सहीच्या चौकटीत छापलेलं पिवळं प्रश्नचिन्ह जसंच्या तसं दाखवतो. जिंतूरकडचे एक पक्षकार स्क्रीनकडे बघत घाबरले, "सायब, हे काहून दिसायलंय? रान माझंच हाय ना?" सही तपासणं वेगळं आणि जमिनीची मालकी वेगळी, हे त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला. त्यांना पटलं की ते दमले, कोण जाणे.

छपाईचंही तसंच. नवा व्ह्यूअर न विचारता पान कागदात 'फिट' करतो. अर्ज असेल तर काही बिघडत नाही. मोजणीचा नकाशा मात्र जरासा जरी आकसला तरी पट्टी लावून घेतलेलं माप खोटं ठरतं, आणि बांधाच्या भांडणात हात-दीड हातावरूनच तर डोकी फुटतात. म्हणून नकाशा छापताना आधी 'अ‍ॅक्चुअल साइझ'वर टिचकी मारायची.

पुतण्या फोनवर म्हणतो, "सवय होईल." होईलही. तूर्त दोन्ही ठेवलेत. सह्या, नकाशे आणि चाचांच्या वह्या जुन्यात, बाकी सगळं नव्यात. फाइलीवर डबल क्लिक केलं की कोण उघडणार, ते मात्र अजून कॉम्प्युटरच ठरवतो.