रेसिंग गेम सुंदर दिसावी म्हणून ग्राफिक्स कार्डच्या सेटिंग कशा बसवल्या : माझा अनुभव

रेसिंग गेममध्ये आपली नजर असते कुठे? गाडीच्या बॉनेटवर नाही, बाजूच्या झाडांवर तर अजिबात नाही, ती असते लांब पुढे, जिथे पुढचं वळण सुरू होतं तिथे. आणि नेमकी तीच जागा बहुतेक वेळा सगळ्यात खराब दिसते. रस्ता थोडा पुढे गेला की धूसर, पांढऱ्या पट्ट्या तुटक, कडेच्या जाळ्या लुकलुकतायत. गेममधला तयार सेटिंगचा संच (प्रीसेट) सगळ्यात वरच्या अल्ट्रावर ठेवून पण हे जात नव्हतं, म्हणून मी ठरवलं की आता एकेक सेटिंग वेगळी धरून बघायची, आणि एकच कसोटी ठेवायची, लांबचा रस्ता शांत आणि स्पष्ट दिसला पाहिजे. बाकीचं नंतर.

माझं कार्ड एनव्हिडियाचं आरटीएक्स, ८ जीबी मेमरीचं, मॉनिटर १४४० पी (२५६० बाय १४४० पिक्सेल) आणि १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा). गेम मुख्यतः असेटो कोर्सा. २०१४ ची आहे पण शिकायला एकदम बेस्ट, कारण सेटिंगचा परिणाम लगेच डोळ्यांना दिसतो.

तपासायची पद्धत आधी सांगतो कारण माझ्या मते अर्धं काम त्यातच आहे. गाडी चालवत चालवत तुलना होत नाही, दर वेळी वेग वेगळा आणि जागा वेगळी. मी जर्मनीतल्या नॉर्डश्लायफे ट्रॅकवर एक रेस करून रिप्ले सेव्ह केला, आणि सेटिंग बदलली की तोच रिप्ले, तोच कॅमेरा, तीच जागा. नॉर्डश्लायफे का, तर २०.८ किलोमीटरचा ट्रॅक, झाडं, जाळ्या, चढउतार सगळं एकाच ठिकाणी मिळतं, आणि शेवटी डॉटिंगर होहेचा लांबलचक सरळ पट्टा आहे तिथे रस्ता पार क्षितिजापर्यंत दिसतो.

पहिली सेटिंग ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग, म्हणजे तिरपे दिसणारे पृष्ठभाग स्पष्ट ठेवणारी. रस्ता आपल्याला कायम तिरपा दिसतो, म्हणजे स्क्रीनवरच्या एका पिक्सेलमध्ये रस्त्याचा लांब पण अरुंद तुकडा येतो. साधं फिल्टरिंग अशा वेळी टेक्स्चरची (पृष्ठभागावर चिकटवलेल्या चित्राची) लहान, धूसर प्रत उचलतं आणि डांबर चिखलासारखं दिसायला लागतं. १६ एक्स केलं की कार्ड त्या लांब दिशेने जास्त नमुने घेतं आणि डांबराचा दाणा, टायरचे काळे पट्टे, कर्बचे (वळणाच्या कडेच्या पट्ट्यांचे) रंग लांबपर्यंत टिकतात. आजच्या कार्डांवर याचा भार जवळपास जाणवतच नाही, त्यामुळे हे कमी ठेवायला मला तरी काही कारण दिसत नाही. गेममध्ये ऑप्शन असेल तर तिथूनच लावा, नसेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज, तिथे प्रोग्रॅम सेटिंग्जच्या टॅबमध्ये ती गेम निवडून. ग्लोबलमध्ये लावू नका, एका गेमला चाललेलं दुसरीला चालेलच असं नाही, आणि डायरेक्टएक्स १२ च्या गेमवर ड्रायव्हरच्या अशा जबरदस्तीचा भरवसा नसतो. तिथेच टेक्स्चर फिल्टरिंग क्वालिटी मी हाय क्वालिटी केली.

मग आलं अँटी-अलायझिंग, म्हणजे कडांचे दाते आणि लुकलुक घालवणं, आणि इथे मी खूप वेळ घालवला, आणि घालवण्यासारखाच विषय आहे. त्यातला एमएसएए हा प्रकार ४ एक्सवर लावला की गाडीच्या कडा, गार्डरेल, खांब सगळं गुळगुळीत झालं, पण जाळ्या आणि झाडं तशीच लुकलुकत राहिली. कारण एमएसएए फक्त आकाराच्या कडांवर काम करतं, आणि जाळी म्हणजे खरं तर एक सपाट चौकोन असतो ज्यावर जाळीचं चित्र चिकटवलेलं, भोकं पारदर्शक. त्या आतल्या कडा एमएसएएला दिसतच नाहीत. त्यासाठी ट्रान्स्परन्सी अँटी-अलायझिंग नावाची वेगळी सेटिंग कंट्रोल पॅनलमध्ये असते, जुन्या गेममध्ये तिचा छान उपयोग होतो. नव्या गेममध्ये टीएए हा प्रकार येतो, तो आधीच्या फ्रेम (एकामागून एक येणारी चित्रं) मिसळून लुकलुक घालवतो, पण वेगात रस्ता थोडा मऊ होतो आणि मला रस्ताच तर बघायचाय.

मला खरा फरक दिला तो डीएलडीएसआर या एनव्हिडियाच्या सोयीने. हे जानेवारी २०२२ मध्ये ड्रायव्हरमध्ये आलं, आरटीएक्स कार्डांसाठी. गेम मोठ्या रिझोल्यूशनला रेंडर होते (म्हणजे काढली जाते) आणि मग मॉनिटरच्या मापाला खाली आणली जाते, त्यामुळे जाळी, झाडं, पट्ट्या, सगळ्यालाच फायदा. २.२५ एक्स (म्हणजे इतके पट पिक्सेल) निवडलं की १४४० पी मॉनिटरवर बरोबर ३८४० बाय २१६० मिळतं. कंट्रोल पॅनलमध्ये चालू करून मग गेममध्ये जाऊन ते रिझोल्यूशन निवडायचं, नुसतं पॅनलमध्ये टिक करून काही होत नाही. स्मूदनेसचा स्लायडर पण हलवून बघा, कमी केला तर चित्र टोकदार होतं आणि लुकलुक परत डोकं वर काढते, वाढवला तर मऊ. एएमडीवाल्यांकडे व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन आहे, तत्त्व तेच, मोठं रेंडर करून लहान दाखवायचं.

अर्थात भार वाढतोच, तो कुठूनतरी वसूल करायला लागतो. मी तो रिफ्लेक्शनमधून केला. गाडीवर दिसणारं प्रतिबिंब म्हणजे आजूबाजूच्या देखाव्याचा सहा बाजूंचा एक डबा असतो, आणि प्रत्येक बाजू म्हणजे देखावा पुन्हा एकदा काढणं. असेटो कोर्सात एका फ्रेममध्ये किती बाजू नव्याने काढायच्या ते ठरवता येतं, कॉकपिटमधून चालवताना कमी ठेवल्या तरी मला फरक दिसला नाही, एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) मात्र लगेच वाढले. आरसे पण तसेच, प्रत्येक आरसा म्हणजे जास्तीचं काम. सावल्या एक पायरी खाली. टेक्स्चर मात्र कमी करू नका, फक्त कार्डची मेमरी भरत नाहीये ना तेवढं बघा, ती भरली की गेम अडखळते.

आणि अडखळणं हा रेसिंगमध्ये चित्राचाच दोष समजा. ताशी २०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास ५६ मीटर, ६० एफपीएसला गाडी एका फ्रेममध्ये साधारण ९३ सेंटिमीटर पुढे जाते, ३० ला त्याच्या दुप्पट. एखादी फ्रेम उशिरा आली की रस्ता सरकत नाही, उडी मारतो, मग टेक्स्चर कितीही भारी असू दे. म्हणून मी जास्तीत जास्त एफपीएसच्या मागे न लागता ड्रायव्हरमधल्या मॅक्स फ्रेम रेटने ९० वर लॉक केलं आणि जी-सिंक (मॉनिटरचा वेग कार्डच्या फ्रेमशी जुळवणारी सोय) चालू ठेवलं. आकडा सारखा वरखाली होण्यापेक्षा हे कितीतरी सुखाचं वाटतं. लॉकचा आकडा मात्र रिकाम्या ट्रॅकवर ठरवू नका, सुरुवातीच्या रांगेत (ग्रिडवर) सगळ्या गाड्या असताना रेस सुरू होते तो क्षण सगळ्यात जड असतो, तिथे जे टिकेल तेच लावा.

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट, एचडीएमआयने जोडलं असेल तर आउटपुट डायनॅमिक रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा पल्ला) फुल आहे का बघा. मॉनिटर फुल रेंज मागतोय आणि कार्ड लिमिटेड म्हणजे १६ ते २३५ पाठवतंय असं झालं की काळा रंग राखाडी दिसतो, रात्रीची रेस तर पार धुऊन निघते.

ड्रायव्हरचं क्लीन इन्स्टॉल केलं की प्रोग्रॅम सेटिंग्ज उडतात, त्यामुळे सगळ्या पानांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. सध्या एका दुसऱ्या गेममध्ये पावसाच्या रेसवर काम चालू आहे, समोरच्या गाड्यांच्या टायरमधून उडणारं पाणी अर्धपारदर्शक थरांवर थर असतं आणि स्क्रीन भरून आलं की तिथे ९० टिकत नाही, पार्टिकलची (पाण्यासारख्या उडणाऱ्या कणांची) क्वालिटी उतरवून बघतोय.