सॉलोमन सिब्लीचं दप्तर: डेट्रॉईटला जाणाऱ्यांसाठी

सॉलोमन सिब्ली या वकिलाची कागदपत्रं डेट्रॉईट पब्लिक लायब्ररीच्या मुख्य इमारतीत, बर्टन हिस्टॉरिकल कलेक्शनमध्ये आहेत. पत्ता ५२०१, वुडवर्ड ॲव्हेन्यू. ग्रंथालय सार्वजनिक आहे, त्यामुळे प्राध्यापक किंवा पीएचडीचे विद्यार्थी नसलात तरी ती बघता येतात. मी सातारा जिल्ह्यात वकिली करते, बहुतेक जमिनीच्या दाव्यांची. धाकटी बहीण डेट्रॉईटजवळच्या नोवायला राहते. तिच्याकडे गेले की सगळे नायगाराचा बेत आखतात. यंदा मी सांगितलं, मला आधी डेट्रॉईटला सोडा.

सिब्ली का, ते सांगते. आज मिशिगन हे राज्य आहे, पण १८३७ पर्यंत ती नुसती टेरिटरी होती. टेरिटरी म्हणजे राज्याचा दर्जा नसलेला प्रदेश. गव्हर्नर आणि तीन न्यायाधीश वॉशिंग्टनहून नेमले जायचे आणि सुरुवातीच्या काळात तेच चौघं कायदेही ठरवायचे. सिब्ली जन्मला १७६९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये. ओहायोतल्या मॅरिएटा, सिनसिनाटी या गावांतून फिरत १७९७ मध्ये डेट्रॉईटला पोहोचला. इंग्रजांनी डेट्रॉईटचा किल्ला सोडून जेमतेम वर्ष झालं होतं, ११ जुलै १७९६ ला. गावात फ्रेंच बोलली जायची, हिशेब इंग्रजी पौंडांत व्हायचे आणि सत्ता अमेरिकनांची होती. अशा ठिकाणी त्याने वकिली थाटली. पुढे तो नॉर्थवेस्ट टेरिटरीच्या (ओहायो, मिशिगन वगैरे मिळून झालेल्या मोठ्या प्रदेशाच्या) पहिल्या विधानमंडळाचा सदस्य झाला, १८०६ मध्ये डेट्रॉईटचा पहिला मेयर, मग सरकारी वकील, मग काँग्रेसमधला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतला, प्रतिनिधी आणि १८२४ पासून टेरिटरीच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश. एकाच माणसाने दावे लढवले, कायदे केले, खटले चालवले आणि निकालही दिले. कायदा नव्या मुलखात कसा रुजवला जातो हे पाहायचं असेल तर असं दप्तर सहजी मिळत नाही.

हा संग्रह उभा करणारे क्लॅरन्स बर्टन हेही वकील, आणि त्यांचा धंदा जमिनीच्या मालकीची साखळी तपासून देण्याचा. आपल्याकडे टायटल सर्च म्हणतात तेच काम. मालकी शोधता शोधता त्यांना मूळ कागदांचं वेड लागलं आणि जमवलेलं सगळं त्यांनी १९१४ मध्ये ग्रंथालयाला दिलं. हे कळल्यावर मला त्या खोलीत फार आपलेपणा वाटला.

आता जाण्याची तयारी. घरून निघण्याआधी ग्रंथालयाला ईमेल करा आणि उत्तर येईपर्यंत निघू नका. हस्तलिखितांच्या विभागाच्या वेळा बाकी ग्रंथालयाच्या वेळांपेक्षा वेगळ्या असू शकतात आणि त्या बदलतात. ईमेलमध्ये फक्त ‘सिब्लीचे कागद बघायचे आहेत’ असं लिहून भागत नाही. संग्रहाची सूची आधी बघा, त्यातली वर्षं आणि खोक्यांचे क्रमांक कळवा. पासपोर्ट किंवा फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा. पेन चालत नाही, शिसपेन्सिल न्या. फोनने फोटो काढायचे तर आधी विचारा, फ्लॅश बंद ठेवा आणि प्रत्येक फोटोत खोक्याचा व फोल्डरचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी कोपऱ्यात येऊ द्या. ही चिठ्ठी नसली तर घरी आल्यावर शेकडो फोटोंचा पत्ता लागत नाही. एक स्वेटरही असू द्या, अगदी जुलैतसुद्धा. अशा खोल्या कागदाच्या सोयीने गार ठेवतात, माणसाच्या नाही.

पहिलं खोकं समोर आलं की थेट वाचायला बसू नका. आधी कागद हाताळून कळू द्या. त्या काळचा कागद चिंध्यांपासून केलेला, त्यामुळे दोनशे वर्षांनीही तो मऊ आणि चिवट आहे. शाई मूळची काळी, आता तपकिरी झालेली. लिफाफे नव्हते. पत्र लिहून झालं की तेच घडी घालून, लाखेने चिकटवून बाहेरच्या बाजूवर पत्ता लिहायचे. लाख फोडताना कागदाचा तुकडा उडायचा, म्हणून पत्राच्या कडेला भोक दिसतं आणि एखादा शब्द गेलेला असतो. उलट बाजूला, घडीच्या अरुंद पट्टीवर, मिळालेल्या पत्राची नोंद असते: कोणाचं, कधीचं, कशाबद्दल. आमच्या ऑफिसात फाइलच्या पाठीवर कारकून लिहितात तशीच. माझा सल्ला असा की आधी फक्त या पाठी वाचत जा. कुठलं पत्र उघडून सावकाश वाचायचं ते पाठीवरूनच ठरतं.

टपालखर्चाची गोष्टही पाठीवरच कळते. तेव्हा पैसे सहसा पत्र घेणारा भरायचा. पण सिब्ली १८२० ते १८२३ या काळात काँग्रेसमध्ये मिशिगनचा प्रतिनिधी होता, आणि प्रतिनिधींना सही करून पत्र फुकट धाडायची सवलत होती. त्यामुळे टपालाच्या रकमेच्या जागी ‘फ्री’ एवढा शब्द आणि त्याची सही. प्रतिनिधीला सभागृहात बोलता यायचं, मत देता यायचं नाही. तो वॉशिंग्टनला आणि त्याची बायको सॅरा मुलाबाळांसह डेट्रॉईटला. हिवाळ्यात ईरी तळं गोठलं की जहाजं बंद, आणि टपाल ओहायोच्या दलदलीतून खुष्कीच्या मार्गाने. नवरा-बायकोची पत्रं वाचताना तारखांकडे लक्ष ठेवा. एकाच्या प्रश्नाला दुसऱ्याचं उत्तर यायला आठवडे जातात, तोवर विषय बदललेला असतो. सॅरा मॅरिएटाच्या स्प्रोट घराण्यातली, कमोडोर अब्राहम व्हिपलची नात. माझ्या मते तिची पत्रं आधी वाचावीत. दावे आणि ठराव कुठेही छापलेले मिळतात, पण त्या गावात चूल कशी चालायची हे इथेच कळतं.

दोन गोष्टी आधी माहीत असल्या की निम्मा वेळ वाचतो. एक, पैसे. डेट्रॉईटचे जुने हिशेब ‘न्यूयॉर्क करन्सी’त आहेत, पौंड, शिलिंग, पेन्समध्ये. हे इंग्लंडचे पौंड नव्हेत. आठ शिलिंगांचा एक डॉलर, म्हणजे एक पौंड अडीच डॉलरचा. दोन, जमीन. फ्रेंचांनी नदीकाठाने अरुंद आणि लांबच लांब पट्ट्यांत शेतं आखली होती, म्हणजे प्रत्येकाला पाणी मिळेल. त्यांचं माप एकरात नाही, आर्पांत आहे. एक आर्पां म्हणजे साधारण ०.८५ एकर. अमेरिकन राज्य आल्यावर या शेतकऱ्यांना मालकी सिद्ध करावी लागली. कोणाकडे फ्रेंच काळचा कागद, कोणाकडे इंग्रज अधिकाऱ्याची चिठ्ठी, बहुतेकांकडे नुसती वहिवाट. काँग्रेसने १८०७ मध्ये कायदा करून वहिवाटीला मान्यता द्यायची सोय केली आणि ‘प्रायव्हेट क्लेम’चे क्रमांक पडले. डेट्रॉईटच्या खरेदीखतांत हे क्रमांक आजही येतात. वहिवाट आणि कागद यांतला हा झगडा मी रोज कोर्टात बघते, म्हणून या कागदांपुढे माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. आपला हक्क परक्या भाषेत, परक्या कायद्यापुढे मांडायला शेतकऱ्याला वकील लागतोच, आणि तो वकील कोण आहे यावर त्याची जमीन ठरते.

तिसरी गोष्ट शोध घेणाऱ्यांसाठी. सिब्ली एकाच गावात बसून होता, पण त्याचं सरकार बदलत गेलं. १८०३ पर्यंत डेट्रॉईट नॉर्थवेस्ट टेरिटरीत, म्हणून त्या काळचे सरकारी कागद ओहायोकडे शोधावे लागतात. पहिलं विधानमंडळही १७९९ मध्ये सिनसिनाटीला भरलं होतं. १८०३ ते १८०५ हे गाव इंडियाना टेरिटरीत गेलं, राजधानी व्हिन्सेन्स. ३० जून १८०५ ला मिशिगन टेरिटरी सुरू झाली, आणि त्याच्या एकोणीस दिवस आधी, ११ जूनला, अख्खं डेट्रॉईट जळून खाक झालं होतं. नवीन गव्हर्नर आणि न्यायाधीश येऊन पाहतात तो राख. म्हणून १८०५ च्या आधीचा जो कागद हातात येतो तो जपून धरावा. शहराच्या मोहोरेवरचं लॅटिन वाक्य, ‘चांगल्याची आशा धरतो, राखेतून ते पुन्हा उठेल’ या अर्थाचं, त्याच आगीनंतरचं, फादर गाब्रिएल रिशार यांचं. मेयरपदाचं काय झालं तेही याच्याशी जोडलेलं आहे. गाव पुन्हा वसवायचे अधिकार गव्हर्नर आणि न्यायाधीशांकडे होते, मेयरच्या हातात काहीच नव्हतं. सिब्लीने पद सोडलं.

एका विषयावर मात्र सविस्तर लिहायलाच हवं. २९ ऑगस्ट १८२१ ला शिकागोला एक करार झाला. तेव्हाचं शिकागो म्हणजे फोर्ट डिअरबॉर्न आणि आसपास मोजकी घरं. अमेरिकेतर्फे गव्हर्नर लुईस कास आणि सॉलोमन सिब्ली, समोर ओटावा, चिपेवा आणि पोटावाटोमी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमाती. ग्रँड नदीच्या दक्षिणेकडचा नैर्ऋत्य मिशिगनचा बहुतेक मुलूख या कराराने अमेरिकेकडे गेला. बदल्यात पोटावाटोमींना वीस वर्षं दरसाल ५,००० डॉलर आणि ओटावांना दरसाल १,००० डॉलर कायमचे. पोटावाटोमींचा मेटेआ नावाचा प्रमुख तिथे उभा राहून जमीन द्यायच्या विरोधात बोलला होता. फ्रेंच शेतकऱ्याच्या वहिवाटीला कायद्याने क्रमांक मिळाला, मेटेआच्या लोकांच्या वहिवाटीला वर्षासनाची रक्कम. दोन्ही ठिकाणी कायदा जाणणारा माणूस तोच. सिब्ली वाईट होता असं म्हणून मला मोकळं होता येत नाही; घरच्या पत्रांत तो काळजी करणारा बाप आहे. पण करार वाचताना राग आला, आणि तो यावा असंच मला वाटतं. या लोकांपैकी पोकागॉन पोटावाटोमी आजही मिशिगनमध्येच आहेत, डोवॅजॅक गावी त्यांचं सरकार चालतं. तुमचा पुढचा टप्पा शिकागो असेल तर डोवॅजॅक त्या वाटेपासून फार दूर नाही.

मेटेआनंतर लक्षात ठेवायचं दुसरं नाव लिसेट डेनिसन. ती गुलामगिरीत जन्मली. १७८७ च्या नॉर्थवेस्ट अध्यादेशाने या मुलखात गुलामगिरीला बंदी होती, तरी १८०७ मध्ये तिच्या आईबापांनी मुलांच्या सुटकेसाठी दावा लावला तेव्हा न्यायाधीश वुडवर्ड यांनी ती नाकारली. कारण, अमेरिका आणि इंग्लंड यांच्यातल्या १७९४ च्या तहाने इंग्रज रहिवाशांची ‘मालमत्ता’ राखून ठेवली होती. त्याच वर्षी त्याच न्यायाधीशाने कॅनडातून पळून आलेल्या गुलामांना त्यांच्या मालकांकडे परत पाठवायलाही नकार दिला. डेनिसन कुटुंबाची मुलं नदी ओलांडून पलीकडे कॅनडात गेली. लिसेट पुढे स्वतंत्र बाई म्हणून परतली, सिब्लींच्या घरी पगारावर कामाला राहिली, आणि १८२५ मध्ये तिने पाँटिअॅकला जमीन विकत घेतली. तिची सही कागदावर फुलीची. संग्रहात कोणाची पत्रं आहेत हे बघताना कोणाची नाहीत याचीही नोंद वहीत करत जा. फार मोठी यादी होते.

डोळे थकले की बाहेर पडा. ग्रंथालयाची इमारतच बघण्यासारखी आहे, कॅस गिल्बर्टने आखलेली, १९२१ मध्ये उघडलेली, पांढऱ्या संगमरवराची. रस्त्यापलीकडे डेट्रॉईट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्स. तिथे दिएगो रिव्हेराची कारखान्यांवरची भित्तिचित्रं आहेत, सत्तावीस भागांची, ती चुकवू नका. वेन, ओकलंड आणि मॅकोम्ब या काउंट्यांतल्या रहिवाशांना प्रवेश मोफत आहे, नोवाय किंवा ट्रॉयच्या यजमानांनी ओळखपत्र आणावं. वुडवर्डवरून क्यूलाइन ट्राम डाउनटाउनला जाते, तिकीट नाही.

गाडी असेल तर ईस्ट जेफरसन ॲव्हेन्यूवर क्राइस्ट चर्चशेजारी सिब्ली हाउस आहे. १८४८ मध्ये, नवऱ्याच्या मृत्यूनंतर, सॅरासाठी बांधलेलं हे लाकडी घर आता चर्चकडे आहे, बाहेरून बघावं. तिथून थोडं पुढे एल्मवुड दफनभूमी. सिब्ली आणि कास दोघांची थडगी तिथेच, आणि लिसेटलाही तिथेच पुरलं, अनोळखी लोकांसाठीच्या भागात. दारावर नकाशा मागून घ्या, जागा मोठी आहे.

ज्यांना डेट्रॉईटला जाणं जमणार नाही त्यांनी मिशिगन टेरिटरीच्या सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज वाचावं. विल्यम वर्ट ब्लूम यांनी ते सहा खंडांत संपादित केलं, १९३५ ते १९४० मध्ये मिशिगन विद्यापीठाने छापलं. जाणाऱ्यांनीही आधी हे खंड चाळले तर दाव्यांची नावं ओळखीची होतात. ॲन आर्बरला क्लेमेंट्स आणि बेंटली ही जुन्या कागदपत्रांची दोन मोठी ग्रंथालयं तासाभराच्या अंतरावर आहेत, त्यांनाही ईमेल आधीच करून ठेवा. आणि बर्टनमध्येच विल्यम वुडब्रिज या दुसऱ्या वकिलाचे कागद आहेत. काँग्रेसमधल्या जागेवर सिब्लीच्या आधी तोच होता. वेळ उरला तर तेच खोकं मागवा.