तुम्ही विचारलंत म्हणून: काठी कोणत्या हातात?

प्रॅक्टिकल जवळ आली की सांगली-मिरजेकडची फिजिओथेरपीची मुलं हमखास विचारतात: "उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात द्यायची, एवढं पाठ आहे. पण व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) 'का?' विचारलं की 'बेस ऑफ सपोर्ट वाढतो' याच्या पुढे गाडी जात नाही. काय सांगायचं?"

बेस ऑफ सपोर्ट, म्हणजे पाय आणि काठी मिळून जमिनीवर होणारी आधाराची जागा, काठी कुठल्याही हातात धरली तरी वाढतोच. म्हणून ते उत्तर चूक नसलं तरी विचारलेल्या प्रश्नाचं नाही. खरं उत्तर एका छोट्या गुणाकारात (जोर गुणिले अंतर) आहे, आणि तो एकदा स्वतःच्या हाताने केला की पाठांतराची गरज उरत नाही.

६० किलोचा माणूस उजव्या पायावर उभा आहे असं धरा. तो पाय साधारण १० किलोचा, म्हणजे खुब्यावर भार राहिला ५० किलोचा. हा भार खुब्याच्या मध्यापासून आतल्या बाजूला सुमारे १० सेंटिमीटरवर खाली ओढतो. पेल्व्हिस (कमरेखालचं हाडांचं कडं) डावीकडे कलू नये म्हणून ग्लुटिअस मीडियस आणि मिनिमस हे खुब्याच्या बाजूचे स्नायू बाहेरून ओढून धरतात, पण त्यांच्या वाट्याला अंतर येतं जेमतेम ५ सेंटिमीटर. अंतर निम्मं, म्हणून जोर दुप्पट: १०० किलो. सांध्यावर दोन्ही मिळून पडतात १५०. माणूस साठ किलोचा आणि खुबा सोसतोय दीडशे!

आता डाव्या हातात काठी द्या. हात खुब्यापासून साधारण ५० सेंटिमीटर लांब. त्याने नुसते ५ किलो दाबले तरी ५ गुणिले ५० म्हणजे २५०. सावरायचे होते ५० गुणिले १०, म्हणजे ५००. निम्मं काम काठीने उचललं. स्नायूंना उरले ५० किलो, वरचा भार ४५, सांध्यावर एकूण ९५. हाताचा पाच किलोचा दाब आणि खुब्यावरचे पंचावन्न किलो कमी. तीच काठी उजव्या हातात असती तर ५ किलो भार तेवढा हलका झाला असता, पेल्व्हिस सावरायचं काम मात्र स्नायूंच्याच गळ्यात राहिलं असतं. सढळ हाताने हिशेब केला तरी १३५ च्या खाली येत नाही. आकडे ढोबळ आहेत, माणसागणिक बदलतात, पण प्रमाण हेच. व्हायव्हात कागद मागून घ्या आणि तीन बाण काढून दाखवा. परीक्षकाचा पुढचा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच विरघळतो.

ट्रेंडेलेनबर्ग टेस्ट, म्हणजे एका पायावर उभं करून खुब्याच्या याच स्नायूंची ताकद बघणं, हीही याच चित्रातून सुटते. १८९५ साली जर्मन सर्जन फ्रीडरिश ट्रेंडेलेनबर्ग यांनी जन्मजात निखळलेल्या खुब्याच्या चालीबद्दल लिहिलं, त्यातली ही खूण. उजव्या पायावर उभं केल्यावर डावीकडची पेल्व्हिस खाली आली तर कमजोरी उजवीकडची. इथे बाजू उलटी सांगून मार्क घालवणारी मुलं दरवर्षी दिसतात, कारण डोळ्यांना डावी बाजू पडताना दिसते आणि तोंडातून 'डावी' निघून जातं. दुसरी चूक म्हणजे पाय उचलताच निकाल देणं. अर्ध्या मिनिटापर्यंत उभं राहू द्या. दमणारा स्नायू शेवटी शेवटी हार मानतो. आणि पेल्व्हिस सरळ राहिली पण धड उजवीकडे झुकलं, तर ते 'नॉर्मल' नव्हे. भाराचं ते १० सेंटिमीटरचं अंतर कमी करायला पेशंटने शोधलेली ती युक्ती आहे.

काठीचं माप मात्र वाचून येत नाही, करून येतं. पेशंट नेहमीच्या चपलेत ताठ उभा, खांदे सैल, हात बाजूला सोडलेले. काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. ग्रेटर ट्रोकँटर (मांडीच्या हाडाचा खुब्याशी बाहेरून हाताला लागणारा उंचवटा) हाही जवळपास तिथेच लागतो. मग काठीचं टोक पायाच्या करंगळीपासून बाहेर १५ सेंटिमीटरवर टेकवून कोपर बघा: २० ते ३० अंश वाकलेलं हवं. लाकडी काठी कापायची असेल तर ती उलटी धरून मूठ जमिनीला टेकवा, मनगटाच्या घडीशी खूण करा आणि रबरी बुचाच्या तळाची जाडी वजा करून कापा. हे विसरलं की काठी सेंटिमीटरभर उंच होते. बूच बोटाने चाचपा. कडेच्या रेघा झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर ओल्या फरशीवर ते काठीसकट घसरतं.

जत-आटपाडीकडचे आजोबा येतात ते छातीएवढी काठी घेऊन. मेंढरांमागे ती उत्तम, पण खुब्यासाठी नाही: कोपर इतकं वाकतं की ट्रायसेप्सला (दंडाच्या मागच्या स्नायूला) खाली दाबताच येत नाही, नुसता खांदा वर चढतो. त्यांना "ही टाकून द्या" म्हणू नका. ती त्यांच्या हाताचा भाग आहे. चालायची काठी वेगळी द्या. याउलट काठी आखूड असेल तर माणूस त्या बाजूला वाकतो आणि कंबर नवीन तक्रार घेऊन येते.

मर्यादाही सांगता यायला हवी. काठीवर शरीराच्या वजनाचा फार तर चतुर्थांश टाकता येतो. पायावर अजिबात भार द्यायचा नाही असा सर्जनचा आदेश असेल तर काठी देणं ही सरळ चूक. तिथे कुबड्या किंवा वॉकर. कुबडीची गादी काखेच्या दोन-तीन बोटं खाली, नाहीतर रेडिअल नर्व्ह (हाताची एक नस) दबून मनगट पडतं, म्हणजे वर उचलता येत नाही.

राहिल्या पायऱ्या. चढताना चांगला पाय आधी, कारण शरीर वर उचलायचं काम त्याचं. मग दुखरा पाय आणि काठी. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी, कारण वर राहिलेला पाय गुडघा हळूहळू वाकवत सगळा भार खाली सोडतो, आणि ते काम चांगल्याच पायाने करायला हवं. कठडा असेल तर एक हात कठड्यावर, काठी दुसऱ्या हातात, मग ती बाजू 'चुकीची' असली तरी चालेल. तुम्ही स्वतः चढताना पेशंटच्या मागे आणि दुखऱ्या बाजूला, उतरताना पुढे आणि दुखऱ्याच बाजूला. तुमचे दोन्ही पाय एका पायरीवर नकोत, एक वर एक खाली हवेत. नाहीतर त्याचा तोल गेला की तुमचाही जातो.