कॅच कुणाचा?

उंच उडालेला चेंडू आणि त्याच्याखाली दोन खेळाडू. दोघंही धावतात, शेवटच्या क्षणी एकमेकांकडे बघतात, थबकतात, आणि चेंडू मधोमध अलगद टेकतो. असा सुटतो तो नेहमी सोपा कॅच. अवघड कॅचमागे एकटाच जीव खाऊन पळत असतो, तिथे घोळ कसला?

चार-पाच माणसांच्या धंद्यात हा चेंडू साधारण दुपारी पडतो. गिऱ्हाइकाचा फोन: "माझ्या मालाचं काय झालं?" आतून दोन आवाज एकदम: "मला वाटलं, तू पाठवलास!" कामचुकार कुणीच नसतं. दोघंही कामसू असतात, भानगड तिथेच होते.

मैदानावरचा उपाय एका शब्दाचा. चेंडू हवेत असतानाच ओरडायचं, "माझा!" आणि ओरडल्यावर माघार नाही. व्हॉलीबॉलमध्ये तर सर्व्हिस करणारा दोघांमधल्या फटीवरच नेम धरतो, म्हणून फटीतला चेंडू कुणी घ्यायचा हे आधीच ठरवून ठेवतात. धंद्यातली फट फोन घेणारा आणि माल भरणारा यांच्यात असते. माल पोचवणारा आणि उधारी वसूल करणारा यांच्यात त्याहून मोठी.

पण खरी शिकवणी रिलेची. चार गुणिले शंभर मीटरमध्ये, म्हणजे चौघांनी एकामागून एक शंभर-शंभर मीटर पळायच्या शर्यतीत, बॅटन (हातातली छोटी नळी) ३० मीटरच्या पट्ट्यातच हस्तांतरित व्हावा लागतो. पुढचा धावपटू मागे बघत बसत नाही. पावलं मोजून ट्रॅकवर चिकटपट्टीची खूण केलेली असते. मागचा त्या खुणेवर आला की हा सुटतो, हाक आली की हात मागे. लवकर सुटला तर मागचा गाठत नाही आणि पट्टा संपतो; उशिरा सुटला तर दोघं एकमेकांवर आदळतात. पुढच्याची मूठ आवळल्याचं बोटांना कळेपर्यंत मागच्याने बॅटन सोडायचा नाही.

२००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या पुरुषांचा आणि महिलांचा, दोन्ही संघांचा बॅटन एकाच दिवशी, पहिल्याच फेरीत पडला. २०१६ला रिओत जपानच्या चौघांपैकी एकाच्याही नावावर तोवर शंभर मीटरची दहा सेकंदांच्या आतली अधिकृत वेळ नव्हती, तरी ३७.६० सेकंदांत रौप्यपदक. खालून बॅटन देण्याची पद्धत त्यांनी घोटून घोटून पक्की केली होती.

धंद्यात ती मूठ कशी ओळखायची? पाळी बदलताना दहा मिनिटं दोघंही हजर हवेत. चिठ्ठीवर काय, किती, कधीपर्यंत, आगाऊ किती आले, आणि तोंडी काय कबूल केलंय. हे शेवटचं हमखास राहतं आणि भांडण त्याच्यावरूनच होतं. मग घेणाऱ्याने सगळं परत म्हणून दाखवायचं. नुसती मान डोलावणं म्हणजे उघडा पंजा. त्यात बॅटन टिकत नाही. आणि चिठ्ठीवर नाव एकाचंच. दोन नावं लिहिली की झालं, कॅच सुटलाच.

रिलेत बॅटन ज्याच्या हातून पडला त्यानेच उचलायचा, असा नियम आहे. धंद्यात तो बहुतेकदा मालक उचलतो, वर दिवसभर बोलून दाखवतो. काही मालकांना तर प्रत्येक चेंडूला "माझा!" ओरडायची खोडच असते. मग बाकीचे चौघं कमरेवर हात ठेवून निवांत बघत उभे राहतात.